काटेरी युफोर्बिया: खानापूरच्या पावसात आणि अथणीच्या उन्हात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात जे पहिल्यांदाच काटेरी युफोर्बिया लावणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रोपवाटिकेत याला नुसतं 'युफोर्बिया' म्हणतात. इंग्रजीत 'क्राउन ऑफ थॉर्न्स', शास्त्रीय नाव 'युफोर्बिया मिलिआय'. नाव माहीत नसलं तरी झाड तुम्ही पाहिलेलं असणार. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत कंपाउंडच्या भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर, तेलाच्या रिकाम्या डब्यात ते असतंच. करडं खोड, त्यावर दाभणासारखे काटे, शेंड्याला थोडी पानं आणि जवळपास वर्षभर लाल फुलांचे झुबके.

या झाडाबद्दल सहज मिळणारा सल्ला बहुतेक कोरड्या हवेतल्या किंवा घरात खिडकीशी कुंडी ठेवणाऱ्या लोकांसाठी असतो. आपला जिल्हा तसा नाही. पश्चिमेला कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पूर्वेला अथणीत वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे. खानापुरात आणि अथणीत हे झाड एकाच पद्धतीनं सांभाळता येत नाही. आधी आपलं गाव कुठल्या पट्ट्यात येतं ते ठरवा. कुंडी, माती, जागा आणि पाणी ही सगळी त्यावरून ठरतात.

आधी झाडाची ओळख

काटे बघून पुष्कळ जण याला निवडुंगाच्या घरातलं समजतात. ते आहे एरंडाच्या कुळातलं. शेताच्या बांधावरचा शेर, त्रिधारी थोर, नाताळच्या सुमाराला लाल होणारी पॉइन्सेटिया हे त्याचे सख्खे नातेवाईक. खूण सोपी आहे: फांदीला जरा नख लागलं तरी पांढरा चीक येतो. निवडुंगाच्या बहुतेक जातींत असा दुधाळ चीक नसतो.

मूळ देश मादागास्कर. रियुनियन बेटाचे गव्हर्नर असलेल्या मिलियुस यांनी 1821 मध्ये हे झाड फ्रान्सला नेलं, त्यांच्यावरूनच 'मिलिआय'. मादागास्करला खडकाळ जागी, उन्हात, पाणी झटकन निचरून जाणाऱ्या जमिनीत ते वाढतं. जाड खोडात पाणी साठवून कोरडे दिवस काढायची त्याची सवय तिथलीच. ज्याला आपण फूल म्हणतो त्यातल्या लाल 'पाकळ्या' खरं तर रंगीत पानं आहेत, दोन-दोनच्या जोडीत. खरी फुलं त्यांच्या मधोमध, मोहरीएवढी. म्हणूनच हा रंग इतके दिवस टिकतो. पाकळी चार दिवसांत गळेल, पान इतक्या लवकर गळत नाही.

रोप कुठलं घ्यावं, कधी घ्यावं

बाजारात दोन प्रकार दिसतील. एक आपला जुना: बारीक फांद्या, पसरट वाढ, लहान लाल फुलं, भरपूर काटे. दुसरा थायलंडमध्ये तयार झालेला संकरित: जाड खोड, मोठी लांबट पानं, आणि गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या, दोन रंगांच्या फुलांचे मोठे गुच्छ. थायलंडमध्ये हे झाड दारात ठेवणं शुभ मानतात आणि एका गुच्छात आठ फुलं आली की घराचं भाग्य उजळलं असं म्हणतात. आपल्याकडे उलट, काटेरी झाड दारात नको म्हणणारे भेटतात. शुभ-अशुभ ज्याचं त्याला. माझ्या मते दारात नकोच, पण त्याचं कारण चीक आणि लहान मुलं. ते पुढं सविस्तर येईल.

नवख्यांनी जुन्या लाल जातीपासून सुरुवात करावी असं मी आग्रहानं सांगेन. ती चिवट आहे, चुका सोसते, आणि शेजारच्या काकूंकडं मागितली तर फांदी फुकट मिळते. थाई जाती दिसायला देखण्या, पण पावसाळ्यात त्या फार लवकर कुजतात. एक पावसाळा जुनं झाड नीट पार पाडलंत की मग त्यांच्यावर पैसे घाला.

रोप विकत घेताना फुलांकडं नंतर बघा. आधी खोड मातीला जिथं टेकतं ती जागा बोटानं हळूच दाबून बघा. कडक लागली पाहिजे. मऊ, काळपट, ओलसर वाटली तर रोप कितीही फुललेलं असो, सोडून द्या. दुसरं, पिशवीतली माती बघा. बाहेरून येणारी पुष्कळ रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. रोप चांगलं असेल तर घ्या, पण घरी आणल्यावर आठवड्याभरात तो गोळा हलक्या हातानं सोडवून आपल्या मातीत लावा.

घ्यायची योग्य वेळ दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. मिरगाला पाऊस सुरू होईपर्यंत मुळांना धरायला अवधी मिळतो. जून-जुलैत रोपवाटिका हिरव्यागार असतात आणि मोह होतो, तरी हे झाड त्या दिवसांत आणू नका.

माती

इथं घाई करू नका. माती जमली तर निम्मं काम झालं.

खानापूर-बेळगावकडची लाल जांभ्याची माती या झाडाला बरी मानवते. एक घमेलं लाल माती, एक घमेलं जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक घमेलं विटांचे हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे, आणि अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. त्यात मूठभर निंबोळी पेंड. भाताच्या गिरणीतून अर्धवट जळलेलं काळं तूस मिळालं तर तेही थोडं घाला. माती भुसभुशीत राहते. नदीची वाळू मिळत नसेल तर बांधकामाची दगडी वाळू चालते, फक्त ती चाळून तिची पिठासारखी भुकटी काढून टाका. ती भुकटी राहिली तर महिन्याभरात कुंडीत सिमेंटसारखा थर बसतो.

चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळी माती. उसाला, शाळूला ती सोन्यासारखी, पण कुंडीतल्या युफोर्बियाला नाही. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. माझा सल्ला: काळी माती वापरूच नका. एखादं पोतं मुरूम किंवा लाल माती मिळवा. अगदीच इलाज नसेल तर काळी माती एकूण मिश्रणाच्या सहाव्या भागाहून जास्त नको.

मिश्रण झालं की कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तुंबून न राहता लगेच आत जायला हवं आणि थोड्याच वेळात खालच्या भोकातून बाहेर यायला हवं. तुंबलं तर वाळू आणि विटा वाढवा.

तळाशी खडीचा थर घालायची पद्धत सगळीकडं आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच्या मातीतच अडकून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापराचा एक वाकडा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, आणि वर सगळीकडं एकच मिश्रण भरा.

कुंडीच्या बाबतीतही पट्टा बघायचा. बेळगावपासून पश्चिमेकडं राहणाऱ्यांनी मातीची कुंडी घ्यावी. खानापूरकडं कुंभारकामाची जुनी परंपरा आहे, भाजलेली चांगली कुंडी मिळते, आणि तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते. अथणीकडं हीच कुंडी एप्रिलमध्ये दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते, तिथं सिमेंटची किंवा जाड प्लास्टिकची चालेल. पहिली कुंडी सहा ते आठ इंचांची पुरे. मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते.

जागा

रोज किमान चार तास थेट ऊन हवं, सहा मिळाले तर फुलं दुप्पट. सावलीत झाड जगतं पण उंच, बारीक होत जातं आणि फुलत नाही. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप एकदम गच्चीवर ठेवू नका. पहिले दहा-बारा दिवस सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण. बेळगावात मे महिन्याचं ऊनही जुनी जात सहज सोसते. अथणी-कागवाडकडं थाई जातींना दुपारी दोननंतर थोडी सावली मिळाली तर पानं करपत नाहीत.

आपल्याकडं पावसाळ्यात झड नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते. पश्चिमेच्या पडवीत पत्र्याखाली ठेवलेली कुंडीही भिजते. शक्य असेल तर झाडाची कायमची जागा घराच्या पूर्वेला किंवा दक्षिण-पूर्व कोपऱ्यात ठरवा. मग पावसाळ्यात हलवाहलव कमी होते.

पाणी

वेळापत्रक लिहून देणं सोपं आहे, पण ते पाळून झाडं मरतात. बांबूची एक काडी कुंडीच्या कडेनं दोन-अडीच इंच आत खुपसा, दोन मिनिटांनी बाहेर काढा. काडीला ओलसर माती चिकटली तर पाणी नको. कोरडी आली तर भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी घाला आणि पुन्हा काडी कोरडी येईपर्यंत विसरून जा. रोज कपभर पाणी शिंपडणं सगळ्यात वाईट. वर ओल, खाली कोरडं, आणि खोडाचा बुडखा सतत दमट.

अंदाज यावा म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये बेळगावात चार-पाच दिवसांनी, अथणीकडं दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल. डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांनी. वळीव पडला तर मोजणी तिथून पुन्हा सुरू.

झाड स्वतःही सांगतं. खोड सुरकुतलं, पानं मलूल होऊन लोंबली: तहान. खालची पानं पिवळी पडून पटापट गळू लागली आणि माती ओली: पाणी जास्त झालंय. पानं गळाली पण खोड कडक आणि माती कोरडी: झाड पाणी वाचवतंय, एकदा भरपूर द्या, पंधरवड्यात नवी पालवी दिसेल. पानं गळालेली बघून घाबरून बादलीभर पाणी ओतणारे पुष्कळ. आधी काडी खुपसून बघा, मगच तांब्या उचला.

पावसाळ्याचे चार महिने

मिरगाच्या आधीच, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी तयारी करा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. कुंडी जमिनीला चिकटून नको. दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोक मोकळं राहील. दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे. वाळलेली पानं, फुलं कुंडीत पडू देऊ नका. त्यांच्यावरच बुरशी बसते आणि ती खोडावर चढते.

बेळगाव शहरात जुनी जात, निचरा उत्तम असेल तर, उघड्यावरही पावसाळा काढते. तरी सलग झड लागली की पत्र्याखाली घ्या. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरच्या गावांत, उघड्यावर ठेवण्याचा विचारच करू नका. पण अंधाऱ्या सोप्यातही कोंडू नका. उजेड नसेल तर झाड पांढुरकं होऊन लांबत जातं आणि सप्टेंबरात बाहेर काढल्यावर मोडून पडतं. पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर, बाजू मोकळ्या, हा सर्वांत चांगला उपाय. वर्षाला दोन-तीनशे रुपयांचा कागद आणि चार बांबू एवढंच त्यात लागतं. छपराखालच्या झाडाला जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जवळपास लागतच नाही. दमट हवेत माती पंधरा-वीस दिवस ओली राहते. फुलांवर काळे-तपकिरी डाग आले तर ते गुच्छ काढून टाका.

अथणी, रायबागकडं पावसाची एवढी भीती नाही. तिथं झाड बाहेरच ठेवा, फक्त काळ्या मातीच्या चिखलात कुंडी रुतणार नाही एवढं बघा.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की एकदम उन्हात काढू नका. आठवडाभर सकाळचं ऊन, मग पुढं.

थंडी

बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. हे झाड दहा अंशांखाली सतत राहिलं तर कुरकुरतं. आपल्याकडं ते थोडी पानं टाकतं, एवढंच. थंड मातीत मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळं संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर तसंच पडून राहतं आणि कुज सुरू होते. थंडीत पाणी नेहमी सकाळी दहाच्या पुढं, ऊन चढल्यावर. या दिवसांत फुलं मात्र छान येतात, कारण लहान दिवस या झाडाला फुलायला मदत करतात.

खत

थोडंच. दसऱ्यानंतर आणि संक्रांतीनंतर मूठ-दोन मूठ गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. एवढ्यावर जुनी जात मजेत फुलते. थाई जातींना ऑक्टोबर ते मार्च तीन आठवड्यांनी एकदा पाण्यात विरघळणारं 19:19:19 खत, लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीत द्या. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं मोठी, फांद्या मऊ, फुलं कमी आणि कीड भरपूर. पावसाळ्यात खत पूर्ण बंद.

चीक: हे वाचल्याशिवाय कात्री उचलू नका

पांढरा चीक त्वचेला झोंबतो, काहींना पुरळ आणि फोड येतात. डोळ्यात गेला तर प्रकरण गंभीर: तीव्र आग, सूज, काही काळ दिसेनासं होणं. छाटणी करताना चष्मा किंवा गॉगल लावा, रबरी हातमोजे घाला, फांदी धरायला कागदाची जाड घडी किंवा चिमटा वापरा. काम चालू असताना घाम पुसायलाही हात चेहऱ्याकडं नेऊ नका.

त्वचेवर पडला तर साबणानं लगेच धुवा. डोळ्यात गेला तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, सोबत झाडाचा फोटो न्या. दूध, तूप, काजळ असले घरगुती उपाय डोळ्यात घालू नका. चीक पोटातही जाऊ नये. रांगतं मूल, कुत्रा, मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा.

या चिकानं गोगलगाई मरतात हे संशोधनात सिद्ध झालं आहे. रोग पसरवणाऱ्या पाण्यातल्या गोगलगाईंसाठी त्याचा अभ्यास झाला. तेव्हा छाटलेल्या फांद्या विहिरीत, तळ्यात, माशांच्या टाकीजवळ टाकू नका, आणि चुलीतही घालू नका. खड्ड्यात पुरा.

छाटणी आणि फांदीपासून रोप

महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते, जखम लवकर सुकते, आणि पावसाआधी मुळं फुटायला दोन-तीन महिने हातात असतात. फुलं नव्या शेंड्यावर येतात, म्हणून लांबलेल्या फांद्या छाटल्या की प्रत्येकी दोन-तीन नवे फुटवे येतात आणि झाड भरदार होतं.

धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं तीन-चार इंचांचा शेंडा कापा. कापलेलं टोक लगेच पाण्यात बुडवून चीक थांबेपर्यंत धरा; झाडावरच्या जखमेवरही थंड पाणी शिंपडा, मग तिला कोळशाची पूड लावा. शेंड्याची खालची पानं आणि फुलं काढून टाका. आता तो सावलीत, वाऱ्यावर, कागदावर तीन ते पाच दिवस पडू द्या. टोक सुकून कडक झालं पाहिजे. हा टप्पा गाळला तर फांदी हमखास कुजते.

मग वाळू आणि जळलेलं तूस निम्मं-निम्मं घेऊन इंचभर खोल उभी करा. पहिले चार दिवस पाणी नको. नंतर माती नुसती दमट राहील एवढंच. प्लास्टिकची पिशवी झाकू नका. गुलाबाच्या, जास्वंदीच्या फांदीला ते चालतं, इथं ओल कोंडते. चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात. हळूच ओढून बघितलं आणि फांदीनं धरून ठेवलं, नवी पालवी दिसली, की समजावं लागली.

कीड आणि कुज

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कानकोरण्याच्या कापसाला स्पिरिट लावून एकेक टिपा. फार असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस थांबा. कोरड्या उन्हाळ्यात पानं ठिपकेदार, निस्तेज झाली आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारला तरी कमी होतात. तंबाखूचा काढा फवारायची पद्धत निपाणीकडं सहज सुचते, कारण माल हाताशी असतो. पण निकोटिन जालीम विष आहे, घरच्या कुंड्यांना ते नकोच.

बुडखा मऊ लागला तर वाट बघू नका. झाड उपटून वरचा निरोगी भाग कापा. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा-हिरवा आणि स्वच्छ दिसेपर्यंत वर-वर कापत जा, तपकिरी ठिपकाही ठेवू नका. मग वर सांगितल्याप्रमाणं सुकवून नवीन मातीत लावा. जुनी माती फेका.

कुंपणाला लावायचं असेल तर

जुनी जात अंगणाच्या कडेला कुंपण म्हणून छान शोभते. शेळ्या, गुरं तोंड लावत नाहीत. काळ्या रानात फूटभर उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळा आणि दीड-दीड फुटांवर रोपं लावा. पाऊलवाटेला लागून नको, वाट आणि कुंपण यांत दोन हात अंतर ठेवा. पहिलं वर्ष पाणी लागेल, नंतर अथणीच्या उन्हातही ते आपलं आपण निभावतं.

कुंडीतलं झाड दोन-तीन वर्षांनी बदला, तेही फेब्रुवारी-मार्चमध्येच. आधी आठवडाभर पाणी तोडा म्हणजे मातीचा गोळा सैल होतो. वर्तमानपत्राची जाड पट्टी खोडाभोवती गुंडाळून धरा, काळी मऊ मुळं छाटा, आणि जुन्यापेक्षा दोनच इंच मोठ्या कुंडीत, पूर्वीच्याच खोलीवर बसवा. त्यानंतर पाच-सहा दिवस पाणी घालू नका. तुटलेली मुळं आधी सुकू द्या.